दगड हलू नये

३ मे, शनिवार. लाखनी.

नवी नोकरी, नवी खोली आणि ही नवी वही, तिन्ही आज एकाच दिवशी मिळाल्या. सकाळी साडेसातला आंधळगावहून निघालो, भंडाऱ्याला बस बदलली आणि अकराच्या आत लाखनीला उतरलो. डॉक्टर वीरेंद्र यांचा लहान मुलांचा दवाखाना हायवेला लागूनच आहे. आईला लगेच फोन केला. ती म्हणाली, पोटभर जेव आणि पौर्णिमेला घरी ये. मी येतो म्हणालो.

पेशंट बसतात त्या मोठ्या खोलीत समुद्राची पेटी आहे. अडीच फूट लांब, ऐंशी लिटर पाणी. नारिंगी-पांढरे दोन मासे, एक झिंगा, तीन गोगलगाई, शर्टाच्या बटणांएवढी हिरवी-जांभळी पोवळी आणि मध्ये दगडांची रास. डॉक्टरसाहेबांनी सांगितले की हे जिवंत दगड आहेत. त्यांच्या भोकाभोकांत बारीक जीव राहतात आणि तेच पाणी साफ ठेवतात. मी समुद्र पाहिलेला नाही. पेटीपुढे थोडा वेळ नुसता उभा राहिलो.

डॉक्टरसाहेब आणि रिता मॅडम उद्या बंगळूरला मुलीकडे जात आहेत. दवाखाना १ जूनपर्यंत बंद. तोवर मी मागच्या खोलीत राहायचे आणि पेटी सांभाळायची. पेटीतला एकही जीव मेला नाही, तर जूनपासून केसपेपर लिहिण्याची खुर्ची माझी. ती मला हवी आहे. दहावीला मी इंग्रजीत दोनदा नापास झालो, पण माझे मराठी शुद्धलेखन चांगले आहे. मोहाडीच्या फ्लेक्सच्या दुकानात तीन वर्षे मी 'हार्दीक'चे 'हार्दिक' करत होतो. शेवटी मालक वैतागले. म्हणाले, "लोकायले हार्दीकच पाहिजे, तू काहून आडवा येऊन राहिला?"

माझ्या आधी चिंधू नावाचा माणूस पेटी सांभाळायचा. मार्चमध्ये तो न सांगता निघून गेला. त्याची सूचनांची वही मला मिळाली. माहिती चांगली, पण शुद्धलेखन वाईट. संध्याकाळी लाल पेन घेऊन सगळी वही दुरुस्त केली. पहिल्या पानावर 'दगड ५' आहे. मी मोजले तर सहा भरले. पाच खोडून सहा केले. शेवटच्या पानावर एवढेच आहे: 'दगड हलू नये. हल'. पुढची शाई पाण्याने फुटली आहे. त्याला 'हलवू नये' म्हणायचे होते हे उघड आहे. मी वरून 'व' घातला आणि पुढचा अर्धा शब्द खोडला. आता वही कोणालाही दाखवता येईल.

निघताना डॉक्टरसाहेब म्हणाले, "याले नुसतं सांभाळून होत नाही, बापू. याले जीव लावा लागते."

५ मे, सोमवार

कामाची घडी बसली. सहाला उठतो. काचेवर पट्टी चिकटवली आहे, पाणी तिथपर्यंत हवे. बाहेर उन्हाचा पारा चव्वेचाळीस, म्हणून एसी अखंड चालू आणि दारे-खिडक्या बंद. पेटीचे पाणी सव्वीसच्या वर जाता कामा नये. तरी रोज अर्धा लिटर पाणी उडून जातेच. उडते ते नुसते पाणी, मीठ मागे राहते. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. नवीन माणूस इथेच चुकतो, खारे पाणी घालतो आणि खार वाढून मासे मरतात.

खार मोजायला छोट्या दुर्बिणीसारखी नळी आहे. काचेवर एक थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरून पाहायचे. निळे-पांढरे जिथे मिळतात तो आकडा. पेटीचे पाणी ३५. असेच असावे.

दुपारी वीज गेली तेव्हा कपाळाचा घाम नळीवर ठेवून पाहिला. ४. गंमत म्हणून लिहून ठेवतो.

७ मे, बुधवार

झाडायला आणि डबा द्यायला शकुनबाई एक दिवसाआड येतात. पेटीकडे पाठ करून झाडतात. मी विचारले तर म्हणाल्या, त्या मच्छ्या डोळे मिटत नाहीत, पापण्याच नाहीत त्यांना, अशांचा काय भरवसा. चिंधूबद्दल बराच वेळ बोलल्या. धानाच्या मशीनमध्ये त्याच्या डाव्या हाताचा अंगठा अर्धा गेला होता. "अर्ध्या आंगठ्याचा, पण काम दीड माणसाचं. पेटीसंगंच बोलत बसे. गेला त चपला बी नाही नेल्या पोट्ट्यानं, पाहा." मागच्या दाराशी त्याच्या निळ्या पट्ट्याच्या चपला अजून आहेत. माझ्या मी त्यांच्यापासून हातभर दूर ठेवतो.

पेटीच्या कडांवर, पंपाच्या वायरीवर मिठाची पांढरी पापडी धरते. रोज ओल्या फडक्याने पुसावी लागते. आज ती भिंतीवर विजेच्या बोर्डापर्यंत पोचली होती.

९ मे, शुक्रवार

खार ३२.

तीनदा मोजले. नळी गोड्या पाण्यावर शून्य दाखवते, म्हणजे नळी बरोबर आहे. मी भरतो ते पाणी उडालेल्या पाण्याएवढेच आहे. मीठ उडत नाही. मग तीन अंश मीठ गेले कुठे? पेटी गळत असती तर फरशी ओली असती. फरशी कोरडी आहे. फक्त पेटीपासून माझ्या खोलीच्या दारापर्यंत एक पांढरट रेघ आहे. पुसली.

राशीतला सहावा दगड, मोठ्या नारळाएवढा, काल काचेकडे पाठ करून होता. आज कुशीवर वळल्यासारखा दिसतो. दगडाला पाठ म्हणणे चूक आहे. मी हात लावला नाही. हलवू नये अशी सूचना आहे.

१० मे, शनिवार

खार ३०. डॉक्टरसाहेबांना फोन केला. म्हणाले, आठ लिटर पाणी बदल, बादलीत समुद्री मीठ ३५ पर्यंत मिसळ, जेवणातलं मीठ घालू नको. हे मला माहीत आहे, तरी ऐकून घेतले. चिंधूच्या वेळीही शेवटी असेच झाले होते का, विचारले.  ते एवढेच म्हणाले, "चिंधूनं लय जीव लावला होता."

पाणी बदलले. संध्याकाळी ३१. रात्री झोपेत तोंड खारट झाले होते.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा.

घरी जाता आले नाही. जे झाले ते क्रमाने लिहितो.

शकुनबाईंना पेटीकडे बघायला बसवले, खोबऱ्याच्या वड्या घेतल्या, दहाला निघालो. बसस्टँडपर्यंत चारशे पावले. शंभरावर घसा कोरडा पडला. अडीचशेवर हातांची कातडी आवळू लागली, ओली माती उन्हात आवळते तशी. थंड पाण्याची बाटली प्यालो आणि सगळे ओकलो. दुसरी प्यालो, तीही पडली. साकोलीकडून आलेल्या बसमधली माणसे बघत होती. कंडक्टरने विचारले, "दारू पेऊन आला का बे?" मी पांढऱ्या सदऱ्यात होतो. लाज वाटली.

परत आलो. पेटीजवळ पोचताच श्वास मोकळा झाला. शकुनबाई म्हणाल्या, ऊन लागले, कांदा हुंग. त्या गेल्यावर बादलीत उरलेले समुद्री पाणी घोटभर पिऊन पाहिले. ते पोटात राहिले.

हे आईला सांगितले नाही. काम आहे म्हणालो.

१५ मे, गुरुवार

पेटी २६. माझा घाम १३.

आकडे समोरासमोर ठेवले की कळते. इकडून जाते, तिकडे येते.

नोकरी सोडायची असे ठरवले. खुर्ची नको. शकुनबाई उद्या आल्या की कोणाची तरी गाडी करून भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात जातो, मग आंधळगाव.

१६ मे, शुक्रवार

शकुनबाई बाहेरूनच बोलल्या. साकोलीला भाचीचे लग्न, दहा दिवस येणार नाहीत. डबा पायरीवर ठेवला. मी आतून सांगत होतो की थांबा, मला न्या. शेजारच्या लग्नाच्या लॉनमध्ये डीजे चालू होता. त्या म्हणाल्या, "हो हो, खाऊन घेजो," आणि गेल्या.

दार उघडायला गेलो तर कडी हलेना. कडीवर, बिजागऱ्यांवर, खालच्या फटीत मिठाची पापडी, बोटभर जाड. काल पुसली होती. हातोडीने फोडली. आत लोखंड उरलेले नाही, नुसता लाल भुगा, आणि तो भुगाच दगडासारखा धरला आहे.

पुढच्या शटरचे आणि खिडक्यांचेही तसेच.

१७ मे, शनिवार

फोन कालपासून बंद आहे, चार्ज होत नाही. वायर घालायच्या भोकात पांढरे भरले आहे. सुईने कोरले. सुई मोडली.

शटरवर हात आपटले. बाहेर हायवे. ट्रकमागून ट्रक. दुपारच्या उन्हात रस्त्याने पायी कोणी नसते. शटरच्या फटीतून समोरच्या रसवंतीचा माणूस दिसतो. टॉवेल तोंडावर घेऊन झोपला आहे. पन्नास पावले असतील.

१९ मे, सोमवार

पेटी २०. मी १९.

मासे तळाशी बसले आहेत. एक गोगलगाय मेली. हातात घेऊन माफी मागितली.

शर्टाच्या बाह्या बोटांवर येतात. धुऊन कपडा आटतो, वाढत नाही. दाराच्या चौकटीला पाठ लावून पेन्सिलने खूण केली.

२० मे, मंगळवार

कालच्या खुणेच्या चार बोटे खाली.

२२ मे, गुरुवार

सहावा दगड हलला. मी बघत असताना. दुपारी बाराला, दिवा चालू असताना.

तो काचेला टेकला. टेकली ती बाजू मी जवळून पाहिली. पाच बोंडे आहेत, ओळीने. चार लांब. पाचवे, आतल्या बाजूचे, अर्धे.

गुडघे पोटाशी घेऊन बसला आहे.

'हलू नये.' त्याने बरोबर लिहिले होते. त्यात 'व' नव्हता. दगड हलू नये — हलला तर तो दगड नाही. हेच तो पुढे लिहीत होता. मी लाल पेनने —

दगड पाचच होते. मी मोजायला चुकलो. चिंधूला मी दगडात धरले.

तो तीन आठवडे हलत होता आणि मी सूचना पाळत होतो.

२३ मे, शुक्रवार

त्याला बाहेर काढायचा प्रयत्न केला. स्टुलावर चढलो, दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात. त्याचे अर्धे बोट माझ्या बोटाभोवती वळले. पण तो खालच्या दगडाला चिकटला आहे, पोवळी वाढली आहेत दोघांच्या मधून. ओढले की त्यातून काहीतरी ढगासारखे पाण्यात पसरते. रक्त नाही. पांढरे.

माझे हात बाहेर निघायला तयार नव्हते. पाण्यात दुखत नाही. हे खरे आहे म्हणून लिहितो. पाण्यात कुठेच दुखत नाही.

२६ मे

शकुनबाई आल्या. मागच्या दाराशी. मी दोन हातांवर सरकत दारापर्यंत — हाक मारली — आवाज पंपाच्या बुडबुड्यांएवढा.

बाहेर त्या कोणाला तरी सांगत होत्या. "घरी गेला असन थो, आलाच नाही. चपला टाकून गेला हा बी." मग माझ्या चपला उचलल्याचा आवाज. त्याच्या चपलांशेजारी ठेवल्या.

दाराखाली पापडी. फटीत बोट घातले. त्यांचा पाय दिसला. जोडवी दिसली.

बोट त्यांना दिसले असेल तर मिठाचा खडा वाटले असेल.

२९ मे

पेटी ४. मी ३५.

असेच असावे.

आई —

३१ मे

पेन दोन्ही हातांनी धरतो. स्टुलावर आहे. पेटीच्या काठाला टेकून. हललो की कोपरात तडा जातो, आतून पाणी येते. खारे.

चिंधू खालून बघतो. त्याच्याजवळ जागा आहे.

१ जून, रविवार

शटरवर घण. बाहेर डॉक्टरसाहेब. सोबत कोणी नवा. नवा विचारतो, काम काय असते. डॉक्टरसाहेब सांगत आहेत. जीव लावा लागते.

चिंधूची वही माझ्या मांडीवर. लाल पेनात शाई आहे. मी घातलेला 'व' खोडला. सहाचे पुन्हा पाच केले. दगड पाचच आहेत. आम्हाला मोजू नका. हे नीट लिहितो, कोणी दुरुस्त करू नये म्हणून नीट —

शटर उचलले. उजेड. पाण्यात घसरतो आहे, वही ओली होत आहे

दगड हलू नये. हलला तर तो द