मिशरी आणि नडगीचं हाड

१२ जानेवारी
पाच महिने झाले, नडगी काही सांधत नाही! तुर्भ्याला ट्रकला वाट द्यायला गेले, स्कूटी घसरली — तेव्हापासून मी नि हा वॉकर.

डॉक्टरांनी आज एक्स-रे धरून समजावलं. हाड मोडलं की तिथल्या पेशी निरोप धाडतात — रक्तवाहिन्यांनो या, नवं हाड बनवणाऱ्यांनो या. त्या निरोपांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. "तुमचे निरोप दबतायत. तंबाखू खाता?" म्हटलं, छे हो! तर म्हणे, "दात बघू." हाडांचे डॉक्टर आणि दात! काळे दिसताच मिशरी ओळखली.

मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच की! मी आपली त्याला दात घासणंच समजत होते. आता बंद. सहा आठवडे बघणार, नाहीतर कमरेच्या हाडाचा तुकडा काढून नडगीला लावायचा. दुसरं ऑपरेशन!

१३ जानेवारी
उठले तर उशाशी मिशरीची डबी नि पाण्याचा तांब्या. रोजच्यासारखं. सासूबाई पंचाहत्तरीच्या, पण पाच महिने मला आंघोळ घालतायत, पाय उचलून उशीवर ठेवतायत. मिशरीही स्वतः भाजून देतात. स्वतःची सवय साठ वर्षांची! कुठल्या तोंडाने सांगू, तुमच्या मायेनेच हाड अडलं? काल दवाखान्यात त्या बाहेर बाकावर होत्या ते बरंच.

श्वास रोखून सगळी बेसिनमध्ये ओतली. वास आला असता तर घासलीच असती!

२० जानेवारी
मिशरीवाचून डोकं ठणकतंय. नवऱ्यावर उगाच खेकसले.

२ फेब्रुवारी
सासूबाई हल्ली गच्चीवर भाजतात. "शेजारी खोकतान," म्हणतात. त्या आणतात, मी ओतते. एवढं करणाऱ्या बाईला फसवतेय. देवा, माफ कर.

२४ फेब्रुवारी
सांधतंय!! एक्स-रेत मोडल्या जागी ढगासारखं पांढरट — नवं हाड! ऑपरेशन नाही. डॉक्टरांच्या पाया पडणार होते, वाकता येईना.

२५ फेब्रुवारी
राहवलं नाही. सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. हसल्या. "डॉक्टरचा दार उघडाच व्हता गो. तवाच आयकला मी. बोलले असते तं तू चोरून घासली असतीस. तवापासून डबीन करवंटीची राख हाय." मग थांबून म्हणाल्या, "मी बी तीच घासतंय."