खो कोणी दिला

सर, तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली आणि मी काय काम करते हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. मी सिंगापूरला असते. रॅफल्स प्लेसच्या एका छोट्या कंपनीत आकडेवारीचं काम करते, आणि आमचं गिऱ्हाईक म्हणजे अमेरिकेतल्या एका कॉलेजचा फुटबॉल संघ. तिथला फुटबॉल हातात घेऊन पळायचा असतो. "मग फुटबॉल कशाला म्हणतात?" असं तुम्ही विचारलं असतंत आणि उत्तर यायच्या आत शिट्टी फुंकली असतीत. तिथे आता कॉलेजच्या खेळाडूंना उघडपणे पैसे मिळतात आणि कॉलेज बदलायची मुभाही मिळते. हंगाम संपला की ज्यांना जायचंय ते एका यादीत नाव घालतात, मग सगळे संघ त्या यादीवर तुटून पडतात. गेल्या वर्षी खेळलेला अर्धा संघ यंदा भलत्याच रंगाच्या जर्सीत दिसतो. त्या यादीतल्या प्रत्येक मुलापुढे मी एक अंक लिहिते. हा टिकेल का, याचा अंक.

तो काढायची रीत मीच बसवली. जितक्या वेळा कॉलेज बदललं, तितके गुण वजा. हे मला कोणी शिकवलं म्हणाल तर तुम्हीच. शाळेमागच्या मैदानात खो-खोच्या सरावाला आम्ही आठ जणी ओळीत बसलेल्या, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. मी पाठीमागची पावलं ऐकून अंदाजानंच उठायचे. लगेच तुमची शिट्टी. "खो कानावर पडला का तुझ्या? नाही ना? मग कुणाच्या लग्नाला उठलीस?" मुली फिदीफिदी हसतात आणि मी मैदानाला फेऱ्या मारते आहे. खो मिळाल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे माझ्या अंगात इतकं मुरलं की पुढे कोणी जागा सोडली एवढंच मला दिसायला लागलं.

मागच्या हंगामानंतर यादीत एक एकवीस वर्षांचा मुलगा आला. बचावफळीत खेळणारा. तीन कॉलेजं झालेली, आता चौथं शोधत होता. माझ्या रीतीप्रमाणे त्याचा अंक तळाला गेला. इतका खाली की आमच्या गिऱ्हाइकानं त्याचं नावही वाचलं नसतं. त्याच्याकडे खेळायला एकच वर्ष उरलं होतं. कोणी घेतलं नाही तर खेळ संपला. मी सहज त्याच्या गावच्या वर्तमानपत्रातली मुलाखत उघडली. पहिल्या कॉलेजात ज्या प्रशिक्षकानं त्याला आणलं, तोच वर्षभरात मोठ्या कॉलेजला निघून गेला. दुसरीकडे नवा प्रशिक्षक आपले खेळाडू घेऊन आला आणि याला म्हणाला, संध्याकाळपर्यंत कपाट रिकामं कर. तिसरीकडेही तेच. मुलाखतीत तो म्हणतो, "लोक म्हणतात मी सोडून जातो. मला एकदाही सोडून जायची संधीच मिळाली नाही."

मी खुर्चीत मागे टेकले. सर, या मुलाला तिन्ही वेळा खो मिळाला होता. पाठीवर हात पडला, कानावर शब्द पडला, मगच तो उठला. आणि मी फाऊल दिला होता.

ऑफिसात माझ्या वरच्या हुद्द्यावर असलेल्या ताई पुण्याच्या, इथे वीस वर्षं आहेत. त्यांना म्हटलं, मला एक रकाना वाढवायचाय, आधी कोण निघालं, मुलगा की प्रशिक्षक. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अगं, आपण यादी देतो, चरित्रं नाही लिहीत. शुक्रवारी जायला हवी. कॅन?"

"कॅन," मी म्हटलं. 'जमेल का' आणि 'जमेल', दोन्हीला इथे हा एकच शब्द.

"आणि सगळ्यांसाठी कर. एकाच पोरासाठी केलंस तर ती दया झाली."

तीन दिवस मी शेकडो मुलांच्या जाण्याची कारणं शोधत बसले, आणि त्या तीन दिवसांत मला सारखा आठवत राहिला तो माझाच ना हरकत दाखला. अकरावीला पुण्याच्या एका खो-खो मंडळानं मला बोलावलं. वसतिगृह, फी माफ. घरात तोवर दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. संघ सोडायचा तर दाखल्यावर तुमची सही लागणार होती आणि मी तुमच्यासमोर यायला घाबरले. बाबांना पाठवलं. बाबा सांगतात, तुम्ही स्वयंपाकघरात मटार सोलत होतात. हात पुसलेत, सही केलीत आणि कारणाच्या रकान्यात, न विचारता, 'उच्च शिक्षणासाठी' असं लिहिलंत. बाबांना चहा दिलात. निघताना एवढंच म्हणालात, "पोरीनं स्वतः यायला हवं होतं." ते वाक्य मी पुढे सगळ्यांना 'सर माझ्यावर चिडले' असं सांगत आले. चिडणाऱ्या माणसानं तो रकाना असा भरला नसता, हे मला दुसऱ्यांचे रकाने भरताना कळलं.

शुक्रवारी यादी गेली. त्या मुलाचा अंक बराच वर आला होता, तरी आमच्या गिऱ्हाइकानं त्याला घेतलं नाही. दुसऱ्याच मुलाला घेतलं. ताई म्हणाल्या, "होतं असं. रकाना मात्र ठेव." रकाना मी ठेवला. मग महिन्याभरानं कळलं की एका लहान कॉलेजनं त्याला घेतलंय.

गेल्या रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या शनिवारी रात्री, त्याचा सामना होता आमच्याच गिऱ्हाइकाशी. मी जुरोंग ईस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, कॉफीच्या कपाला फोन टेकवून बघत बसले होते. शेवटच्या काही मिनिटांत त्यानं आमच्या गिऱ्हाइकाच्या खेळाडूनं फेकलेला चेंडू मध्येच, हवेतच पकडला, गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात वर करून खदखदून हसला. ज्यांनी त्याला नको म्हटलं होतं त्यांच्यासमोर. समालोचक म्हणाला, जुनं काही मनात असणार. मला वाटलं, मनात काही नाही, तो नुसता खूश आहे. मी इतक्या जोरात टाळी वाजवली की शेजारच्या टेबलावरची आजी दचकली.

आणि सर, म्हणूनच हे लिहायला बसले. विभागीय स्पर्धेत मी पुण्याकडून तुमच्या संघाविरुद्ध खेळले, शेवटचा गडी मीच बाद केला, आणि नंतर खांबापाशी बसून रडले. तुम्ही येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तुम्हाला वाटलं, मला वाईट वाटतंय. तसं नव्हतं. तुम्हाला हरवल्याचा मला फार आनंद झाला होता, आणि तो तोंडावर दिसू नये म्हणून मी मान खाली घातली होती.