वरातीतले हात

बुधवार, १२ मार्च १९७५

आजही रेडिओवर गाण्यांची क्रमवारी सांगणाऱ्या त्या निवेदकाने तेच केलं. ज्या गाण्याबद्दल "हे पहिल्या पायरीवर जाणारच" म्हणाला होता, ते क्रमवारीतूनच गळालं. हा नुसता हसला आणि लगेच दुसऱ्या गाण्याचं भाकीत करून मोकळा झाला. त्याला काय.

आमचे बँडमास्तर त्याच्या शब्दावर लग्नसराईची गाणी बसवतात. हे गळालेलं गाणंही आम्ही महिनाभर घोटलं होतं. परवा मोडनिंबच्या वरातीत मी क्लॅरिनेटवर ते सुरू केलं. नवऱ्याच्या मित्रांनी नाचायला हात वर केले होते, ते हळूहळू खाली आले. "हे कुठलं वो? ते दुसरं वाजवा की," म्हणाले, एकाने त्याची ओळही म्हणून दाखवली. ते दुसरं आम्हाला येत नव्हतं. खाली आलेले ते हात डोळ्यांपुढून जात नाहीत.

आणि ते दुसरं गाणं घरात शांता विड्या वळताना कधीपासून गुणगुणते. गल्लीतल्या सगळ्याच बायका गुणगुणतात. मला कसं ऐकू आलं नाही?

मघाशी मास्तरांना हे सांगितलं, तर म्हणाले, "रेडिओवाल्यापेक्षा तुझ्या बायकोला लई कळतंय व्हय?"

व्हय म्हणालो.

उद्या तालमीत मी शांताचंच गाणं सुरू करणार, मास्तर ओरडले तर ओरडू देत. घरी येऊन तिला म्हटलं, सावकाश म्हणून दाखव. लाजली, पण म्हणाली. क्लॅरिनेटवर बोटं बसली माझी.

रविवारी पुन्हा वरात आहे. या वेळी वर गेलेले हात खाली येऊ द्यायचे नाहीत.