अर्शदची चाचणी

सनद, बहरीन
१० ऑगस्ट २०२५

अब्बा,

अस्सलामु अलैकुम. एकाच माणसाची वाट बघण्यात उमर घालवलेली आपण दोघं, तुम्ही आणि मी. किती ईदला आपण अर्शदचा शिरखुर्मा झाकून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी शेजारी वाटून टाकला! तक्रार तरी कोणाकडे करायची? ज्या क्लबांनी त्याला नेलं, त्यांची नावंसुद्धा आपल्याला धड उच्चारता येत नाहीत.

तुमच्या गुडघ्यांचं तेल आणि खजूर आमच्या शेजारच्या वकारच्या हाती पाठवते आहे. तो मंगळवारी सुट्टीवर रत्नागिरीला निघतोय. हे पत्र त्याच पिशवीत आहे. फोनवर बोलले असते, पण तुमचा फोन आला की अर्शद शेजारी येऊन बसतो.

इकडे खैरियत. दुपारी उन्हाने तापलेलं गाडीचं स्टिअरिंग हातात धरवत नाही. शाळेला सुट्टी आहे, त्यामुळे मुलांसमोर न झालेली भाषणं मी आता घरात करते, असं मुनाफचं, तुमच्या जावयाचं, म्हणणं. अर्शद दोन महिने माझ्या घरी आहे, पण राहतो कुठला, फेऱ्या घालतो. बॅग भरतो, उपसतो, स्केटच्या पात्यांवरून अंगठा फिरवतो, पुन्हा भरतो. "बस की जरा," म्हटलं तर म्हणतो, "आपा, मी बसलो की बर्फ वितळतो."

जूनमध्ये इथल्या मराठी मंडळाने त्याचा सत्कार केला, तो तुम्ही व्हिडिओवर पाहिलात. तुमचा उल्लेख मी ठासून केला. इथल्या स्केटिंग रिंकखाली बर्फ गोठवणारी यंत्रं सांभाळणारा रत्नागिरीचा एक मेकॅनिक. बापाची शिफ्ट संपेपर्यंत वर फुकटात स्केटिंग करणारा त्याचा मुलगा. आणि सोळाव्या वर्षी त्याला आइस हॉकीसाठी उचलून नेणारा स्लोव्हाक प्रशिक्षक. मग एकेक देश घेतला: स्लोव्हाकिया, पोलंड, हंगेरी, कझाकस्तान, तुर्की, फ्रान्स. मी रंगात आले होते. अध्यक्ष सदानंद परांजपे मागून हळूच म्हणाले, "अजराताई, पाणी प्या. हॉल परत द्यायचाय." सगळे हसले, टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतच अर्शद माझ्या कानाशी वाकला.

"आपा, पोलंडला मी कधी होतो?"

भाषण लांबलं म्हणून टोमणा मारतोय, असं मला वाटलं. "गप रे, दोन वर्षं होतास तिथे." तो हसला. ते हसू व्हिडिओत दिसतं. तुम्ही ते अख्ख्या मोहल्ल्याला दाखवलंत.

बघा, मी मूळ गोष्टीभोवतीच फिरते आहे. भर सभेत कधी अडखळले नाही, आणि आज तुमच्यासमोर अडखळते.

रोमानियातल्या एका क्लबने त्याला बोलावलं आहे. शेवटचं वर्ष, म्हणतो. फ्रान्सही शेवटचंच होतं. तिथे गेल्या हिवाळ्यात, तुम्हाला सांगितलं तसा, त्याचा खांदा दुखावला नव्हता, अब्बा. डोक्याला मार बसला होता, दोनदा. मुनाफने सलमानिया हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. गुरुवारी आम्ही दोघं निघालो. गाडी अर्शद चालवत होता आणि त्याने ती उलट्या दिशेला घातली. मला वाटलं, रस्ता विसरला. विसरला नव्हता, पळत होता. झल्लाकला समुद्रासमोर गाडी थांबवली आणि म्हणाला, "डॉक्टर काय सांगणार ते मला माहीत आहे."

या खेळात हंगामाआधी एक चाचणी असते. पडद्यावर शब्द आणि आकृत्या दाखवतात, थोड्या वेळाने काय आठवतं ते विचारतात. पुढे डोक्याला मार बसला की तीच चाचणी पुन्हा घेतात. गुण घसरले तर खेळाडू बाहेर. म्हणून काहीजण पहिल्या वेळी मुद्दाम चुकतात. आधीच गुण कमी असले की नंतरची घसरण दिसत नाही. आपला अर्शदही दरवर्षी असाच चुकत आला.

मी पेटले. "बाजारात बैल घेतानासुद्धा दात बघतात! तुमचे तर दातही उरत नाहीत, आणि डोक्यात कोणी डोकावत नाही. वर तुम्हीच क्लबांच्या डोळ्यांवर पट्टी बांधता? माणसाच्या जिवाला किंमत यावी म्हणून कामगार तुरुंगात गेले, गोळ्या खाल्ल्या त्यांनी, आणि तू..."

"आपा, मफी भाषण. बस झालं, खलास." तो समोर बघत होता. "रोमानियाची चाचणी गेल्या आठवड्यात तुझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपवर दिली. या वेळी मुद्दाम चुकलो नाही. म्हटलं, एकदा बघू तर खरं. घाम फुटेपर्यंत आठवलं."

"मग?"

"तेवढेच आले. मुद्दाम चुकून दरवर्षी येतात ना, तेवढेच."

क्लब खूश आहे. जुन्या गुणांशी नवे जुळले, म्हणजे माणूस ठणठणीत.

अब्बा, एवढं वाचलं, एवढं बोलले, पण त्या गाडीत मी फक्त एसी बंद केला, का ते ठाऊक नाही. त्याने शपथ घातली, "अब्बांना कळता कामा नये." तुमच्या भिंतीवर त्याच्या जर्सी आहेत. येईल त्याला तुम्ही सांगता, माझ्या बर्फावर शिकला. खेळ सुटला की आपण त्या भिंतीवरून उतरू, असं त्याला वाटतं. तुम्हाला तसं कधी वाटणार नाही, हे मी शंभरदा सांगितलं. माझं अख्खा हॉल ऐकतो, तो ऐकत नाही. डॉक्टरांच्या तर दारातही जात नाही. "नको" हा शब्द तुम्ही त्याला आयुष्यात कधी म्हणाला नाहीत. म्हणून तो शब्द अजून तुमच्याकडे शिल्लक आहे, आणि त्यात ताकद आहे.

येत्या रविवारी तो करारावर सही करणार आहे.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की फोन लावा. तब्येत विचारू नका, हवा विचारू नका. तो येऊन बसेलच. त्याला एवढंच सांगा: अर्शद, सही करू नको.

शपथ मोडलेली, आणि मोडल्याचा पस्तावा नसलेली,
तुमची
अजरा