रोज सकाळी सातला

दादा,

‘प्रिय’ लिहून खोडलंय, ते दिसू दे.

मी बरा आहे. आईला सांग, वेळेवर जेवतो. खोलीला खिडकी आहे, खिडकीत एक लंगडं कबुतर येतं, त्याला मी... ते जाऊ दे.

काल सायबर गुन्ह्यांच्या तासाला बाईंनी आमची ईमेल खाती कुठून कुठून उघडली गेली ते शोधायला लावलं. माझ्या यादीत रोज सकाळी सात वाजता खातं उघडणारा एक फोन. तुझा, मॉडेलसकट. पाच महिने. प्रवेशाचा फॉर्म भरताना पासवर्ड तूच टाकला होतास आणि मी गाढवाने तो कधी बदलला नाही. बाई म्हणाल्या, “तुला तर घरातच आरोपी सापडला.” सगळा वर्ग हसला.

तरीच मी दोन आठवडे तासाला गेलो नाही हे आईला कळलं. मी ते फक्त मित्राला लिहिलं होतं. तू मात्र फोनवर म्हणालास, “आईला आपोआप कळतं रे.”

आता म्हणशील, “दोन कोर्स अर्धवट सोडून पळालास, तुझ्यावर लक्ष नको ठेवायला?” मग तोंडावर विचारायचंस. शिव्या घातल्या असत्यास तरी चाललं असतं. चोरून कसलं वाचतोस?

आईचे गुडघे कसे आहेत? खरं कळव.

पासवर्ड आज बदलला. यापुढे माझी खबर हवी असेल तर मलाच विचारावी लागेल. सकाळी सातला मी जागा असतो.

आईला नमस्कार. तुला या वेळी नाही.

तुझा धाकटा