थोरलीचा ताप

४ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पित्ताशयातला खडा काढायचं ठरलं, येत्या सोमवारी. हसू नकोस, पण मी फार घाबरलेय. कापण्याला नाही, भूल दिल्यावर जागच आली नाही तर? भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला भूल बाधली होती का. बाबा घाईघाईने कुणालाच नाही म्हणाले आणि छत्री शोधायला लागले. छत्री त्यांच्या हातातच होती.

पडल्या पडल्या आपल्या घराची वंशावळ काढतेय. थोरल्या आत्यापुढे 'विसाव्या वर्षी, तापाने' एवढंच आहे. कसला ताप होता गं?

रागाव हवं तर, पण लगेच लिही.

तुझी,
चिमणी

७ ऑगस्ट

चि. चिमणीस,
अ. आ.

सकाळीच तार केली, ऑपरेशन थांबव म्हणून. कारण तारेत मावणारं नाही. नीट वाच, रडारड नको.

थोरली तापाने गेली नाही. लग्नाआधीच तिला दिवस राहिले. आईने खोटं आडनाव सांगून परगावच्या दवाखान्यात नेलं; सोबत मी. भूल देताच तिचा जबडा घट्ट मिटला, हातपाय लाकडासारखे झाले, अंग तव्यासारखं तापलं. मला आत बोलावून ओल्या चादरी धरायला लावल्या. संध्याकाळी सगळं संपलं. आईने ताप तेवढा घरी आणला, बाकीचं तिथेच ठेवलं. तुझा बाप तेव्हा लहान होता, पण दाराला कान लावणारं पोर ते. त्याला ठाऊक आहे.

तेव्हा अब्रू जपली, आता तुझ्या जिवावर बेततंय. हे पत्र डॉक्टरीणबाईंना दाखव. बाबाला लाज वाटत असेल तर त्याने घरी बसावं.

मीही घाबरलेय. कुणाला सांगू नकोस.

तुझी,
आत्या

१२ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तार वेळेवर मिळाली, ऑपरेशन पुढे गेलं. दवाखान्यात मी तुझं पत्र काढायच्या आत बाबाच बोलायला लागले, की मला बहिणी दोन होत्या. एवढं बोलून ते छत्रीची मूठ पुसायला लागले, तेव्हा मी पत्र पुढे केलं. डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा वाचलं. काही घरांच्या रक्तालाच ती भूल सोसत नाही म्हणाल्या. दुसरं औषध देणार आहेत. खात्री मात्र देत नाहीत. उद्या सकाळी आत नेतील.

बाबा शेजारी बसून थोरलीबद्दल सांगताहेत. ती जिन्यावरून शीळ घालत उतरायची म्हणे, आणि तू चिडायचीस. हे तू कधी बोलली नाहीस. मला जाग आली की पुढचं तू सांगायचंस. तोवर लोभ माझ्यासाठी राखून ठेव.

तुझी,
चिमणी