किल्ल्यावरचं पाणी

बाबा, काल तुमचा नातू मला गुडगावचं त्याचं नवं घर दाखवायला घेऊन गेला. तुमचे जावई गेल्यापासून मी नोएडात एकटीच आहे, म्हणून अठराव्या मजल्यावर त्याने माझ्यासाठी खोली ठेवली आहे. खिडकीतून अरवलीची टेकडी दिसते. ती पाहिली आणि याच डोंगररांगेतल्या अलवरच्या किल्ल्यावरचा तुमच्याबरोबरचा दिवस डोक्यातून जाईना.

तेव्हा तुमची रिटायरमेंट तोंडावर आली होती. दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडावं लागणार होतं, आई आधीच गेलेली, आणि आम्ही नोएडात नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. सेक्टरांत घरांपेक्षा खड्डेच जास्त होते. तुम्ही साताऱ्याला गावी एकटे राहणार की आमच्याकडे येणार, हे तुम्ही बोलत नव्हतात आणि मला विचारायचा धीर होत नव्हता. शेवटी नव्या मारुतीचं निमित्त करून जावयांनी अलवरचा बेत आखला. किल्ला म्हटलं की बाबा खुलतात, असा त्यांचा साधा हिशेब.

डोंगर चढून दरवाज्याशी आलो आणि तुम्ही चपला काढून उंबऱ्याची धूळ कपाळाला लावलीत. हा किल्ला आपल्याकडचा नव्हे, हे सांगण्यात अर्थ नव्हता. तुमच्या लेखी गड तो गड. आत ना महाल पाहिलात, ना तट. राखणदाराला गाठून तुमचा ठरलेला प्रश्न, "भैया, पानी किधर है?" त्याला वाटलं, म्हातारा तहानलाय. त्याने आपल्या सुरईतलं पाणी पेलाभर आणून दिलं. तुम्ही ते निमूट प्यायलात आणि मग म्हणालात, "पीने का नहीं भैया, किले का पानी." आम्ही दोघं पोट धरून हसलो. साताऱ्याकडच्या प्रत्येक गडावर तुम्ही आधी पाण्याचं टाकं शोधायचात. पाणी नाही तो गड टिकत नाही, हे मी परकर नेसत होते तेव्हापासून ऐकत आले होते. राखणदाराने एक कुंड दाखवलं. तळाशी हिरवट पाणी होतं. तुम्ही काठावर बसलात ते उठेचनात, आणि मी उन्हात उभी राहून धुसफुसत होते.

खाली उतरून जुन्या शहरात गेलो. अरुंद गल्ली, वर दगडी झरोके, खाली हलवायाचं दुकान. कलाकंद खाताना मी शेवटी विचारलंच, "बाबा, येणार ना आमच्याकडे?"

तुम्ही द्रोणातून मान वर केली नाहीत. "नवव्या मजल्यावर पाणी कसं चढतं गं?"

"मोटर असते, बाबा! एवढी माणसं राहतात, ती काय तहानेने मरतात?"

"अच्छा," तुम्ही म्हणालात. मग द्रोण रिकामा करून, "येतो."

मला केवढा आनंद झाला. आणखी कलाकंद बांधून घेतला. तुम्ही आलात आणि शेवटपर्यंत राहिलात. नळाला दिवसभर पाणी असायचं, तरी पहाटे उठून तुम्ही बादल्या भरून ठेवायचात. "बाथरूममध्ये पाय ठेवायला जागा नाही," म्हणून मी रोज कटकट करायचे. तुम्ही गेलात त्या दिवशीही बादल्या भरलेल्या होत्या. तुम्हाला शेवटची अंघोळ आम्ही त्याच पाण्याने घातली.

काल घर दाखवून झाल्यावर तुमचा नातू म्हणाला, "बोल ना आई, आवडलं?" खोली सुरेख आहे, सून मायेने बोलते, नाही म्हणावं असं काहीच नाही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "इथे पाणी कुठून येतं रे?"

तो हसला. "काय यार आई, चोवीस तास येतं. बिल्कुल टेन्शन नाही."

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून खरं ते लिहिते. पाण्याचं मला काही पडलेलं नाही, बाबा. मला तिथे राहायची भीती वाटते. आणि मीही त्याला "येते" असंच सांगून आले.